सोपानमामांची गाडी

नेपाळातल्या लग्नाला निघताना मी नवरीच्या मामालाच पुणतांब्याच्या फलाटावर विसरलो.

ट्रंका घेतल्या होत्या, वळकट्या घेतल्या होत्या, लाडवांचा डबा तर मी मांडीवर घेऊन बसलो होतो. मामा तेवढे राहिले. आणि तेही कोण, तर वऱ्हाडानं प्रवास कसा करावा हे अख्ख्या पंचक्रोशीला शिकवणारे सोपानमामा!

गावातून कुणाचंही वऱ्हाड हलायचं झालं, की आदल्या दिवशी सोपानमामा त्या घरी हजर. ओट्यावर बसायचे, फेटा काढून मांडीवर ठेवायचे आणि सुरू व्हायचे. "ध्यानात ठिवा, उपेगी पडंल," हे त्यांचं पालुपद. "ठेसन आलं म्हून लगीच उतरू नका. आदी डब्यातल्याला इचारा, मंग फलाटावरल्याला इचारा. दोगं येकच नाव सांगत्याल तरच उतरा." बायकांना सांगायचे, "पदराला पदर गाठ मारून चाला. हारवल्या तर समद्या हारवा, येकटी-दुकटी न्हाई." आणि सगळ्यात मोठा सल्ला पाण्याचा. "परमुलखातलं पानी येकदम पिऊ नका. त्यात आपल्या गोदावरीचं घोटभर घाला. पोटाला वळख पटती."

हा सल्ला मी एकदा तंतोतंत पाळला आणि सोलापूरचं एक लग्न सबंध मांडवाच्या मागच्या बाजूला काढलं. परतल्यावर मामांना सांगितलं, तर म्हणाले, "सोलापूरचं पानीच वंगाळ."

एवढं सांगणारा माणूस काशी-रामेश्वर करून आलेला असणार, असं मी धरून चाललो होतो. मी शाळामास्तर. धरून चालायची आम्हाला सवयच असते.

मामांनी लग्न केलं नव्हतं. बहीण गेली तेव्हा तिची तान्ही कुसुम त्यांच्या पदरात आली, आणि पुढं घरात दुसरं कुणी यायला जागाच उरली नाही. कुसुम नगरला नर्सिंग शिकली, काठमांडूच्या इस्पितळात नोकरीला लागली आणि तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न ठरवून मोकळी झाली. मुलाच्या आजीला अंथरुणावरून हलता येत नव्हतं, म्हणून लग्न तिकडंच. गाव कुजबुजायला लागलं, तर मामा म्हणाले, "रोज शंभर नाड्या बगती ती. मानूस कळत आसंल तिला."

वऱ्हाडात मामा, मी, माझी बायको आणि शेजारच्या दोघी. नेपाळात मराठी मंगलाष्टकं म्हणणार कोण, म्हणून मी. कुसुमला अंतरपाटापाशी आणून तिच्या पाठीशी उभे राहणार, अर्थात, मामा.

गाडी आली. मामांनी आम्हाला आत कोंबलं, प्रत्येक ट्रंकेवर काठी आपटून सामान पाहिलं आणि तांब्या घेऊन खाली उतरले. "पानी घिऊन येतो. मास्तर, तुमी दारात उबं ऱ्हावा." मी खिडकीची जागा राखत बसलो. गाडी सुटली, तेव्हा मामा पलीकडच्या दारानं चढले असतील असं मी धरून चाललो. कोपरगाव आलं तेव्हा बायकोनं विचारलं, "मामा कुठंयत?"

बायका आणि सामान तिथंच उतरवून मी मिळेल त्या गाडीनं मागं आलो. मामा फलाटावरच्या लिंबाखाली बसले होते. शेजारी भरलेला तांब्या.

"मामा, चुकलो. चला, दुपारच्या गाडीनं जाऊ."

"तुमी व्हा म्होरं. उसाला पानी द्यायचं ऱ्हायलंय."

"ऊस तुमचा कधीच तुटला की!"

मामा फेट्याचं टोक चाळवत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, गाडी म्याच जाऊ दिली. समूरनं गेली. खिडकीत तुमी दिसला, लाडवाचा डबा कवटाळून."

"पण का?"

"म्या गाडीत कदी बसलोच न्हाई."

"अहो, मग गावाला एवढं सगळं सांगता ते?"

"हितंच बसायचो. वऱ्हाड परतलं की इचारायचो, काय काय झालं म्हून."

"भीती वाटते होय गाडीची?"

"गाडीची न्हाई वो." तांब्यातलं पाणी त्यांनी लिंबाच्या बुडाशी ओतलं. "तिकडं गेलो तर पोरीला अंतरपाटाम्होरं उबी करावी लागंल. अन् न्हाई गेलो तर…"

"तर?"

"तर म्या आजून तिला दिली न्हाई."

मला एरवी बोलायला पुष्कळ सुचतं. त्या दिवशी एवढंच सुचलं, "मग तिच्या पाठीशी मला उभं राहावं लागेल."

मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाला बगून पोरगी हासंल भर मांडवात," असं म्हणून ते उठले आणि काठी शोधू लागले.

मनमाडच्या पुढं मामांचे सल्ले संपले. खिडकीचा गज धरून ते नुसते बाहेर बघत राहिले. सरहद्द ओलांडून बस डोंगर चढायला लागली, तेव्हा एकदाच म्हणाले, "लई लांब आली की वो पोर."

लग्नाच्या दिवशी मी मंगलाष्टकं म्हटली. मधलं एक आठवेना, म्हणून पहिलंच पुन्हा म्हटलं. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. नवरदेव हार घेऊन तयार. कुसुमच्याही हातात हार. पण मामांचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते, ते निघेनात. हीही मराठी लोकांची काहीतरी रीत असावी असं वाटून मुलाकडची मंडळी आदरानं हात जोडून उभी राहिली. वाजंत्रीवाले माझ्याकडं बघायला लागले. लग्न लावणारा मीच! मी पुढं वाकलो आणि हळूच म्हणालो, "मामा, सोडा आता."

कुसुमनं हार एका हातात घेतला, दुसरा हात खांद्यावरच्या त्या हातावर ठेवला आणि मान न वळवता म्हणाली,

"मास्तर, तुमाला कुनी इचारलं का? जावा, तिकडं पंगतीत जाऊन बसा."