गावंडे काकांचा शिधा

गावंडे काकांनी आमच्यादेखत वेफर्सच्या पुड्याला टाचणी टोचली. फुस्स! मग पुडा पोटाशी धरून दाबला आणि आतला चुरा एका साध्या पिशवीत ओतला.

"मास्तर, डोंगरावर हवा फुकट भेटते. खालून काहून वाहून नेऊन राहिले?"

काका आमचे अकोल्यातले शेजारी. काकू गेल्यापासून घरात एकटेच. सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटानं मेळघाटात दोन दिवस पायी भटकायचं ठरवलं आणि सगळ्यांचा शिधा नव्यानं बांधायचं काम काकांनी कोणी न विचारता अंगावर घेतलं.

मिठाईचा खोका दिसला की ते खवळत. "खोका खाता काय?" खिचडीचे तांदूळ, डाळ, हळद, मीठ एकत्र करून ते मेणबत्तीवर पिशवीचं तोंड चिकटवत. एकदा त्यात मिशीही चिकटायची, थोडक्यात वाचली. इंगोले वकील कुरकुरले, "मला वेफर्स आख्खे आवडतात."

"मंग पोटात आख्खेच जातात काय?"

गटही काही कमी नव्हता. वकिलांनी एवढे भारी बूट घेतले की त्यांना धूळ लागू नये म्हणून ते फिरायला स्कूटरवर येऊ लागले. बोंडे डॉक्टरांनी पाठीवर सॅक घेऊन गच्चीत इतके फोटो काढले की निम्मी भटकंती तिथंच उरकली.

निघायच्या आदल्या दिवशी वकिलांच्या साडूकडे साखरपुडा निघाला. डॉक्टरांची कंबर धरली. बाकीच्यांना हायसं वाटलं. काकांना सांगायला मात्र कोणी धजेना. संध्याकाळी मीच गेलो.

भिंतीशी पिशव्यांची रांग होती. काका बूट घालून खोलीतल्या खोलीत चालून पाहत होते.

"काका, उद्याचं रद्द झालं."

ते थांबले. "कोनीच नाई येत?"

"कोणीच नाही."

"बरं झालं. आभाळ बी आलं हाय."

बाहेर आभाळ स्वच्छ होतं.

मी निघालो तसे म्हणाले, "बसा ना मास्तर. खिचडी टाकतो."

एक पिशवी कापून त्यांनी पातेल्यात ओतली. मांडणीवरून दोन ताटं काढली. वरचं रोजच्या वापरातलं, लखलखीत. खालच्यावर धूळ होती. ते त्यांनी धुतलं, पुसलं, उजेडात धरून पाहिलं, पुन्हा पुसलं. मग लखलखीत ताट माझ्यापुढं ठेवलं आणि ते दुसरं स्वतः घेतलं.

जेवणं झाली. मी चपला घालत असताना दारापर्यंत आले.

"सकाळी उपमा खायले या," म्हणाले. "बांधलेलाच हाय."