मेंदुमंडळाचे चौदा मानकरी आणि एका सभासदाची हकीकत

श्रीबुद्धिदाता प्रसन्न असो, वाचणारांस धीर असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, श्रावणमासी, एका थोर विद्यापीठराज्यात मेंदुविज्ञानाची विद्या नवी स्थापन जाहाली, आणि विद्यार्थी दाखल होताच त्यांनी अभ्यासाआधी मंडळ काढिले. मग पदांची वाटणी होऊन चौदा जण मानकरी जाहाले: अध्यक्षपदी ओजसराव टिपणीस, खाली उपाध्यक्ष दोन, सचिव तीन, आणि इन्स्टाग्रामची सुभेदारी निराळी. पंधरावी उरली शाल्मलीबाई कापगते, साकोलीकडील. तिजला ओजसराव पुसते जाहाले, "तू कुठलं पद घेतेस? सीव्हीला कामाला येतं." ती म्हणाली, "पद नको. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या बरणीतला मेंदू एकदा बघायचाय." मग सचिवांनी नियम काढिला की मंडळास निदान एक साधा सभासद पाहिजेच, आणि ती जागा तिजला बहाल केली.

तिचे पोटी दुःख होते. दीड वर्षामागे तीर्थरूपांस अर्धांगवायू होऊन वाचा गेली. घरचे म्हणत, मनावरच घेत नाहीत, आणि एके दिवशी तीही चिडून बोलली, "बाबा, मुद्दाम करता तुम्ही." ते बोलणे तिचे तिजलाच सलत होते. वाचा बसते कोठे, ते ठिकाण डोळां पाहावे, इतकाच हेतू. परंतु सभा होत त्या बोधचिन्हाच्या रंगावर दोन, टी-शर्टावर चार. ती दर खेपेस विषय मांडी, आणि ओजसराव "पुढच्या मीटिंगला घेऊ" म्हणत. मग उद्घाटनाचा दिवस आला. प्राध्यापक परिषदेनिमित्त परगावी, चौदा मानकरी शाली पांघरून व्यासपीठी विराजमान, आणि समोर खुर्च्यांत शाल्मलीबाई एकटी. तो दारात प्रयोगशाळेचे भानुदासमामा उभे राहिले. "पोरी, बरणीतलं औषध बदलतोय. बघायचं तर आत्ता ये." उठावे तर सभा उघडी पडते, न उठावे तर बरणी पुन्हा बंद. ओजसरावांनी वरून डोळे वटारले. ती उठली.

मग तिचे हाती हातमोजे चढवून मामांनी मेंदू तिचे ओंजळीत दिला आणि डाव्या अंगी बोट ठेवून म्हणाले, "बोलणं हितं असतं. सर हेच दाखवतात." तिने त्यावर अंगठा ठेविला तो ठिकाण झाकून गेले. "एवढंच?" "एवढंच." "म्हणजे बाबा हट्ट करत नव्हते," ऐसे म्हणून ती रडू लागली, आणि मामांनी मेंदू हलकेच परत घेतला.

तिकडे मोठ्या संख्येने उपस्थित राहिल्याबद्दल रिकाम्या खुर्च्यांचे आभार मानिले गेले. चौदा मानकऱ्यांस प्रशस्तिपत्रे मिळाली. शाल्मलीबाईंस उपस्थिती अपुरी म्हणून नाही. तिने घरी फोन लाविला, आणि म्हणाली, "बाबा, माझी चूक झाली." पलीकडून मोठ्या कष्टाने "हं" ऐसे आले. येणेप्रमाणे मंडळाचे पहिले वर्ष फत्ते जाहाले. अहवालात हे कलम घातले नाही, सबब येथे लिहून ठेविले.