तगरीच्या जागी स्ट्रॉबेरी

“कोंबड्यांनी नाय, वानरांनी नाय, आन् बनुबाईच्या नजरेनं तर मुळीच नाय! म्या तोडली फुलं. रोज सकाळी, आंघोळ करून!”

सोनाबाईनं हे अंगणाच्या मधोमध उभं राहून सांगितलं आणि रामाभाऊंच्या हातातली गलोल गळून पडली. सहा आठवडे ते गलोल घेऊन वानरांवर पाळत ठेवत होते. शेजारणीच्या, म्हणजे बनुबाईच्या, कोंबड्यांना त्यांनी नाही नाही ते ऐकवलं होतं. (बनुबाईलाही ऐकवलं होतं, पण ती बाजाराला गेल्यावर.)

“अगो सोना, ती स्ट्रॉबेरीची फुलं! एका फुलाची एक स्ट्रॉबेरी व्हते!”

“मग वंदनेला बुद्धाच्या फोटोपुढं काय ठेवू? तुमचा मोबाईल?”

“दुसरी फुलं नव्हती?”

“व्हती की! तगर व्हती. ती कुणी उपटली?”

यावर रामाभाऊ पडलेली गलोल उचलायला वाकले.

तगर त्यांनीच उपटली होती. हायस्कुलात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या, कधी कुणाचं पान न तोडलेल्या माणसाला ही दुर्बुद्धी सुचली ती साडूमुळे. साडू म्हणजे राजेंद्र, सोनाबाईच्या धाकट्या बहिणीचा नवरा, राहणार पाचगणीकडचा. दरवर्षी वीस मार्चला तो चवदार तळ्यावर यायचा, उतरायचा यांच्याकडे महाडजवळच्या नाते गावात, आणि येताना स्ट्रॉबेरीची पेटी आणायचा. पेटी हातात देताना वाक्य ठरलेलं: “घ्या, तुमच्याकडं काय ही येत न्हाई.” अकरा वर्षं रामाभाऊंनी स्ट्रॉबेरी त्या वाक्यासकट गिळली. मागच्या मार्चला मात्र ती घशात अडकली.

“पुढच्या वर्षी पेटी आणू नका,” ते बोलून गेले. “आमच्या अंगणातली खा.”

साडू इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

झालं! रामाभाऊंनी मोबाईलवर शोध लावला. बारमाही जात असते म्हणे. एकदा जीव धरला की थोडीथोडी देतच राहते. नोव्हेंबरात ते आंबेनळी घाट चढून चाळीस रोपं घेऊन आले. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी जागा अंगणात एकच होती, आणि तिथे तगर उभी होती. सोनाबाई महाडला गेल्याचं पाहून त्यांनी ती काढली. रोपांखाली भाताचा पेंढा अंथरला, वर सावलीला तिचं जुनं लुगडं बांधलं. (जुनं म्हणजे काय, हे बायकोला विचारून ठरवायचं असतं, हे त्यांना संध्याकाळी कळलं.)

मोबाईलवरचा लागवडीचा व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. रामाभाऊ पाचव्या मिनिटाला उठले, कारण त्यांना समजलं होतं. (पुरुषांना पाच मिनिटांत सगळं समजतं. उरलेली नऊ मिनिटं बायका जन्मभर निस्तरतात.)

असो. फुलांची चोरी उघड झाली तेव्हा जानेवारी सरत आला होता. शेवटी तह झाला. सोनाबाईनं स्ट्रॉबेरीला हात लावायचा नाही. वंदनेची फुलं रामाभाऊंनी आणायची. तेव्हापासून रोज सकाळी ते स्कूटरवरून महाडला जाऊन फुलांची पुडी आणू लागले. “रामाभाऊ साठीनंतर सुधारला गो! बायकोला रोज फुलं आणतो!” असं गावभर झालं. बनुबाईनं स्वतःच्या नवऱ्याला हा दाखला दिला, तसा तो रामाभाऊंशी बोलेनासा झाला.

भांडण मात्र मिटलं नाही. पुडी देताना रामाभाऊ म्हणायचे, “तुझ्यामुळं साडूपुढं माझं नाक कापलं जाणार.” पुडी घेताना सोनाबाई एकच शब्द बोलायची, “तगर.”

आणि फेब्रुवारीत काय झालं कोण जाणे, रोपं अशी फोफावली की पेंढा दिसेना. पांढरं फूल, हिरवी गाठ, मग लाल! वीस मार्चला साडू आला तेव्हा चाळीस रोपं लालभडक लगडून बसली होती. त्याच्या हातात पेटी होतीच. “असू द्या म्हटलं, अडीअडचणीला,” तो म्हणाला आणि पेटी खाली ठेवून वाफ्यापाशी आला. वाकला. एक तोंडात टाकली. दुसरी. चौथी. मग पेटी पायानं हळूच मागे सारली.

“रामाभाऊ, तुम्ही पहिली फुलं खुडलीत!”

रामाभाऊंनी बनुबाईच्या घराकडे पाहिलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“रोपच सांगतंय की! या जातीची पहिले पाच-सहा आठवडे फुलं खुडायची असत्यात, मग झाड जोर धरतं. सगळ्यांना ठावं असतं, पण हात धजत न्हाई. मीसुद्धा निम्मी ठेवतो. तुम्ही एकबी ठेवली न्हाई! मानलं बुवा!”

(हे व्हिडिओत बाराव्या मिनिटाला सांगितलेलं होतं.)

अकरा वर्षांनी साडूच्या तोंडून ‘मानलं’ आलं होतं. रामाभाऊंनी मागे पाहिलं. सोनाबाई घरात होती. त्यांनी घसा साफ केला.

“मन घट्ट करावं लागतं, राजेंद्रराव. एकेक फूल खुडताना डोळ्यांत पाणी येतं.”

“कुणाच्या?”

सोनाबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

“आं?”

“डोळ्यांत कुणाच्या?”

“आपल्याच की गो,” रामाभाऊ पुटपुटले. “दोघांनी मिळूनच तर केलं आपण.”

“दोघांनी?”

साडूनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “अक्का, खरं सांगा. खुडली कुणी?”

रामाभाऊंनी बायकोकडे असं पाहिलं, जसं चौतीस वर्षांत हेडमास्तरांकडेही पाहिलं नव्हतं. सोनाबाईनं सावकाश कप खाली ठेवले, पदर खोचला, वाफ्यातली सगळ्यात मोठी स्ट्रॉबेरी तोडून पाहुण्याच्या हातावर ठेवली.

“दोघांनी केलं हे खरं हाय, भावजी,” ती म्हणाली, “म्या फुलं खुडली, आन् ह्यांनी रोज तिथं बसून, रडून रडून पाणी घातलं.”