सदर वाहनातील आसनव्यवस्थेबाबत

प्रगत समाजाची ओळख त्याच्या रस्त्यांवरून होत नाही, पार्किंगवरून होते. गाडी आयुष्याचा बहुतेक काळ उभीच असते. (उरलेला काळ ती पाम बीच रोडच्या सिग्नलला उभी असते.) तेव्हा गाडी धावते कशी, यापेक्षा ती उभी असताना आत बसायला कशी आहे, हा प्रश्न मूलभूत असून वाहनउद्योगाने त्याकडे आजवर केलेले दुर्लक्ष अक्षम्य आहे. ते दूर करण्याचा मान सीवूड्समधील आमच्या सोसायटीकडे जातो. मी या सोसायटीचा मानद सचिव आहे. मानद म्हणजे पगार नाही. मान कुठे आहे त्याचा शोध चालू आहे.

बी विंगमधले मधुकर आजगावकर महाप्याच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीतून मुदतीपूर्वी निवृत्त झाले. निवृत्त माणसासमोर योग, भजनी मंडळ आणि सोसायटीची कमिटी असे तीन सन्मार्ग असतात. मधुकररावांनी चौथा शोधला. त्यांनी स्पोर्ट्स कारचे किट मागवले.

किट म्हणजे गाडीचे भाग खोक्यांत भरून येतात आणि त्यांची गाडी करण्याची जबाबदारी ग्राहकाची असते. (ज्यांनी नव्या इमारतीत फ्लॅटचा ताबा घेतला आहे त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको.) नळ्यांची चासी आली, फायबरची बॉडी आली, इंजिन एका म्हाताऱ्या हॅचबॅकमधून काढून आणले गेले. स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधल्या, त्यांच्या जागेत हे सगळे जोडता जोडता दोन गणपती येऊन गेले. शेवटी तिथे एक निळी, चपटी, दोनच सीटांची गाडी उभी राहिली. अशी घरी जोडलेली गाडी सहजासहजी रस्त्यावर आणता येते का, याबद्दल जाणकारांत पूर्ण एकमत होते. (येत नाही.) त्यामुळे बाहेरच्या गोष्टींत मन न गुंतवता मधुकररावांना इंटिरियरकडे वळता आले.

"सेक्रेटरी, बॉडी जगासाठी असते," ते मला म्हणाले, "इंटिरियर आपल्यासाठी. ही दुसरी सीट बघितली? वैजूची. तिला सांगायचं नाही हां. सरप्राइज आहे."

वैजू म्हणजे त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई, वाशीच्या एका बँकेत अधिकारी. रोज संध्याकाळी त्या बँकेतून येत आणि खाली गाडीच्या पोटात पाठमोरे शिरलेले आपले यजमान बघत वर जात. तरीही त्यांच्यापासून ही गोष्ट लपून राहिली असे मधुकररावांचे मत होते.

इंटिरियरचे काम वाशीच्या प्रणयकडे गेले. प्रणय सीट-कव्हरवाला असला तरी स्वतःला डिझायनर म्हणवतो, आणि सोसायटीत जो स्वतःला जे म्हणवतो त्याला ते म्हणण्याची पद्धत आहे. "काका, स्पोर्ट्स म्हटली की लालच. काळं रेक्झिन, लाल दोरा. आत बसल्यावर छाती भरून आली पाहिजे." दोन खोलगट बकेट सीट झाल्या. आत शिरताना पाय अडकू नयेत म्हणून चुटकीसरशी निघणारे स्टिअरिंग बसवले. दरवाजांना आतून जाड लोकरी फेल्ट लावले, इंजिनाचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. सरप्राइज फुटू नये याकरिता दुसऱ्या सीटचे माप घेताना वैजयंतीबाईंच्या जागी तांदळाची गोण ठेवण्यात आली. ही बाब त्यांना नंतर कळली. (कळवणारा मी नव्हे.)

उद्घाटन रविवारी सकाळी झाले. नारळ, हार, समोरच्या चाकाखाली लिंबू, आणि सगळी बी विंग. वैजयंतीबाई पैठणी नेसून खाली आल्या. "आधी ड्रायव्हर सीटवर बस," मधुकरराव म्हणाले, "फोटो काढू, मग तुझी सीट." गाडीची सीट जमिनीपासून वीतभर उंचीवर होती. वैजयंतीबाई दरवाजाला धरून वाकल्या, अर्ध्या वाटेवर थबकल्या, आणि उरलेली वाट त्यांनी एकदम संपवली.

फोटो निघाला. "चल, आता उतर," मधुकरराव म्हणाले.

"गुडघा अडकला."

यानंतर आमच्या सोसायटीचे जे सामूहिक बळ दिसले ते पाण्याच्या टँकरच्या वेळीही दिसले नव्हते. कोणी म्हणाले, हात धरून ओढा. कोणी म्हणाले, छत कापा. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले की आधी गाडीच तिरकी करावी. जवळच्या करावे गावाहून रविवारी मासे घेऊन येणाऱ्या कमळीताई पाटी उतरवून पुढे आल्या आणि वाकून बघू लागल्या. "आगो बाय! यो तं पालना हाय!" त्या म्हणाल्या आणि खो खो हसल्या. सगळे एकदम बोलत होते, मधुकरराव सगळ्यांना गप्प करण्यासाठी सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलत होते, आणि नेमक्या त्या वेळी वैजयंतीबाईंनी हात लांब करून दरवाजा ओढून घेतला.

फेल्ट उत्तम दर्जाचे होते. आम्हाला बाहेरून त्यांचा चेहरा दिसत होता. तो आधी चकित झाला, मग सैल झाला, मग त्यांनी डोके मागे टेकून डोळे मिटले.

गर्दी जेवणाच्या वेळेपर्यंत थांबली आणि कर्तव्यबुद्धीने जेवायला गेली. मधुकररावांनी काचेतून खुणेने विचारले, जेवायचे काय? आतून खूण आली, तुम्ही बघा. दिवेलागणीला दरवाजा उघडला आणि वैजयंतीबाई आपल्या पायांनी बाहेर आल्या. चेहरा महाबळेश्वरहून आल्यासारखा.

"गुडघा?" मी विचारले.

"सुटला."

"कधी?"

"छत कापा म्हणाले ना, तेव्हाच."

दुसऱ्या दिवशी त्या बँकेतून आल्या त्या थेट गाडीत. तिसऱ्या दिवशीही. मधुकररावांचा आनंद पाहवत नव्हता. "वैजूला गाडी आवडली हो," ते मला जिन्यात गाठून म्हणाले. "मला वाटलं होतं, नावं ठेवेल."

मात्र वापर सुरू झाला की त्रुटी दिसू लागतात आणि त्रुटी दिसल्या की सुधारणा अटळ ठरतात. स्टिअरिंग पुस्तकाला अडायचे. ते काढून वर फ्लॅटमध्ये कपाटावर ठेवण्यात आले. गिअरचा दांडा थर्मासच्या आड येत होता. तो बुडातून काढला. पायाखाली क्लच आणि ब्रेक टोचत होते; त्यांच्यावर आडवा पाट बसवला. बकेट सीट प्रणयने पुन्हा उसवली, आतला कडक फोम काढून कापूस भरला, आणि काळ्या रेक्झिनच्या जागी दुधी भोपळ्याच्या गराच्या रंगाचे सुती कापड शिवले. प्रणय शिवताना रडकुंडीला आला होता. "काकी, निदान स्पीडोमीटर तरी काढू नका."

"तो राहू दे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "शून्य दाखवतो. बरं वाटतं बघून."

वाहनाचा उद्देश माणसाला घरापासून दूर नेणे हा आहे. सदर वाहन जागेवरून तसूभरही न हलता तो पूर्ण करत असल्याने त्यास यशस्वी म्हणणे भाग आहे. इंधनाची बचत तर शंभर टक्के.

अडचण फक्त एका मुद्द्यावर आली. एका संध्याकाळी मधुकरराव दोन कप चहा घेऊन खाली गेले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूचा दरवाजा उघडला. सीटवर वैजयंतीबाईंची पर्स होती.

"ही जरा मागे ठेवतेस?"

"मागे जागा नाही. ती पर्सची सीट आहे."

मधुकररावांनी एक कप आत दिला आणि दुसरा उभ्याने प्यायला. इथपर्यंत ठीक होते. परंतु पुढच्याच रविवारी कमळीताईंची पाटी रिकामी झाली, पाय दुखत होते, त्या गाडीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "मना पन टेकूं दे ना गो बाय जराशी." आणि वैजयंतीबाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. दोघी अर्धा तास आत बसल्या. एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. कमळीताई उतरताना म्हणाल्या, "लय बरा वाटला." गाडीत दोन दिवस बांगड्याचा वास होता आणि त्याबद्दल कोणतीही तक्रार झाली नाही.

मधुकररावांनी हे बाल्कनीतून पाहिले. ते खाली आले. मी त्या वेळी पार्किंगच्या पट्ट्यांची पाहणी करत होतो. (पट्टे जुनेच होते; पण पाहणी कधी करावी याबाबत सचिवास पूर्ण अधिकार आहेत.)

"वैजू, एक विचारू?"

काच चार बोटे खाली आली.

"कमळीला सीट आणि मला नाही?"

"ती बसली की बसते. तुम्ही बसलात की विचाराल."

"काय विचारेन?"

"चार्जर कुठाय. जाईचा फोन आला का. गोळी घेतलीस का. उद्या भाजी काय." (जाई ही त्यांची मुलगी.) वैजयंतीबाई अजिबात चिडल्या नव्हत्या. "चांगलंच विचारता हो सगळं. पण दिवसभर काउंटरवर लोक विचारतात, घरी तुम्ही विचारता. हॉलमध्ये टीव्ही आहे, बाल्कनीत तुमची हत्यारं आहेत, किचनमध्ये मी आहेच. मला कोणी काही विचारणार नाही अशी जागा कुठाय?"

"बेडरूम?"

"तिथे तुम्ही घोरता."

मधुकरराव गाडीच्या छतावर हात ठेवून उभे राहिले. ते छत त्यांनी स्वतः घासून गुळगुळीत केले होते. "ही दोन सीटची मी तुझ्यासाठी घेतली गं. आपण दोघांनी बसायचं म्हणून."

"माहितेय मला."

"मग?"

"मला विचारलं असतंत, तर मी एका सीटची सांगितली असती."

काच वर गेली. मधुकरराव जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. पंप दुरुस्त होत नाही तेव्हा इंजिनीअर जसा त्याच्याकडे बघत बसतो, तसे ते गाडीकडे बघत बसले. मी पट्ट्यांची पाहणी आवरती घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली जुनी, घरगुती वापराची गाडी व्हिजिटर पार्किंगमधून काढून निळ्या गाडीला खेटून लावली. (हे नियमबाह्य आहे. त्याबद्दल नोटीस तयार आहे. सही व्हायची आहे.) ते तिच्यात बसले, निळ्या गाडीकडची काच खाली केली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत गप्प राहिले. आठवडाभर हाच क्रम. माणूस आपल्या बायकोला आठवडाभर एकही प्रश्न न विचारता राहू शकतो, हे आमच्या इमारतीत प्रथमच सिद्ध झाले. एकदा त्यांच्या तोंडून "जाईचा..." एवढे बाहेर पडले होते, त्यांनी ते खोकल्यात रूपांतरित केले.

मग निळ्या गाडीची काच खाली आली. चार बोटे नाही, पूर्ण.

"नागपूरला प्रमोशन मिळत होतं मला," वैजयंतीबाई समोर बघत म्हणाल्या. "जाई दहावीला होती तेव्हा. नाही म्हणून कळवलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

मधुकररावांनी तोंड उघडले आणि मिटले. मी त्यांच्या जागी असतो तर निदान पाच प्रश्न विचारले असते.

"सांगणार होते. तुम्ही तेव्हा पंपांच्या टेन्शनमध्ये. मग राहिलं ते राहिलंच."

मधुकरराव समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाले, "नागपूरला उन्हाळा फार असतो." आणि वैजयंतीबाई हसल्या. मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. ही माहिती वर, फ्लॅटमध्ये, इतकी वर्षे उपलब्ध होती. तिथे तिला मागणी नव्हती एवढेच.

आता ती दोघे रोज संध्याकाळी शेजारी शेजारी दोन गाड्यांत बसतात आणि काचा खाली करून बोलतात. प्रणय जुन्या गाडीची सीटही कापसाची करून गेला. मधुकररावांनी निळ्या गाडीत अजून एकदाही पाय ठेवलेला नाही. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा इंजिन चालू करावे लागते. तेही वैजयंतीबाईच करतात आणि लगेच बंद करतात. आवाज होतो म्हणून.

सदर प्रकारामुळे सोसायटीत चुकीचा पायंडा पडेल, अशी भीती कमिटीने व्यक्त केली आणि मला पाहणी करण्यास सांगितले. मी संध्याकाळी स्टिल्टमधून फेरी मारली. सी विंगच्या जागेत एका बंद गाडीत प्राध्यापक बसले होते, चष्मा काढून. पुढच्या गाडीत एक सून होती. मांडीवर भाजीची पिशवी, डोळे मिटलेले. तिच्यापलीकडे तिचा नवरा, स्वतंत्र गाडीत. उभ्या गाड्यांपैकी निम्म्या भरलेल्या होत्या आणि हे सगळे निळी गाडी यायच्या आधीपासून चालू होते, असे वॉचमनने सांगितले. त्याला वाटे, कमिटीला माहीत आहे.

शेवटच्या रांगेत माझी स्वतःची गाडी होती. आत माझी पत्नी अरुणा बसली होती. ती रोज या वेळी चालायला जाते. पायात चालायचे बूट होते. मी काचेवर टकटक केली.

काच चार बोटे खाली आली. "काय हवंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "पाहणी चालू आहे."

"मग करा," ती म्हणाली, आणि काच वर गेली.

अहवालात मी 'सर्व वाहने जागेवर आढळली' असे नमूद केले. आपल्या सोसायटीत असा प्रकार नाही, असे आपण म्हणाल. शक्य आहे. तरी आज संध्याकाळी एकदा खाली डोकावून यावे, आणि घरातल्या ज्या माणसाला रोज ट्रॅफिक लागते त्याची गाडी किती वेळापासून थंड आहे, ते बॉनेटला हात लावून बघावे. आपल्या घरातले सगळे वेळेवर वर येत असतील तर उत्तमच. मग फक्त आपल्या गाडीची सीट सरळ करा, हे वाचन आवरा आणि वर जा. जेवायला थांबलेत सगळे.