लगतचे खातेदार निरंक

सुकदेव नानांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीला चांगलं म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याला जळगावात तोंड दाखवायला जागा उरली नाही.

नाना भडगावचे. अडतीस वर्षं भूकरमापक म्हणून नोकरी केली. म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून द्यायच्या आणि बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. गिरणाकाठच्या एका बांधावर तर इतकं कडाक्याचं भांडण झालं, की मधली बाभूळ कंटाळून रातोरात पलीकडच्या शेतात निघून गेली, असं नाना शपथेवर सांगत. मग तिच्या नव्या जागेचाही पंचनामा करावा लागला म्हणे. अशा नोकरीतून माणूस निवृत्त झाला की त्याला माणसं नको होतात. नानांना तर फोटोतलीही नको झाली होती.

भाचा स्वप्नील जळगावात एका विमा कचेरीत होता. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मामाला आणून दिला. “बातम्या बघा, पत्ते खेळा,” म्हणाला. त्यात एक खेळ तसाच राहून गेला होता. यानात बसायचं, वाटेल तिकडे उडायचं, वाटेल त्या ग्रहावर उतरायचं, हिंडायचं, खांब रोवायचा, पुढे जायचं. ग्रह अगणित. आकाश सगळ्या खेळाडूंना एकच, पण इतकं अफाट की कोणी कोणाला भेटत नाही. शत्रू नाही, शेवट नाही, हार नाही, जीत नाही.

पहिल्या ग्रहावर उतरल्यावर नानांनी सवयीने आधी गर्दी शोधली. कोणी नव्हतं. काठी घेऊन कोणी धावत आलं नाही. ‘साहेब, माझ्या आजोबांच्या वेळेस हद्द तिकडे होती’ असं कोणी म्हणालं नाही. लालसर माती, हिरवं आकाश, आणि क्षितिजापर्यंत एकही वारसदार नाही. नानांचे डोळे भरून आले. त्यांनी पावलं टाकत ग्रह मोजला, खांब रोवला, वहीत गट नंबर एक लिहिला आणि यान पुढे काढलं.

“काय दखतस दिवसभर त्या डबामा?” प्रमिलाबाई विचारत. “तठे तर कोनीच नही!”

“म्हनीसन तर दखस,” नाना म्हणत.

दोनशे चौदा ग्रह झाले तेव्हा पडद्यावर एक चौकट उघडली. ‘खेळ कसा वाटला?’ आणि खाली रिकामी जागा. आता नाना पडले सरकारी माणूस. रिकामा रकाना दिसला की हात शिवशिवायचा. त्यांनी चष्मा पुसला, बाह्या सावरल्या आणि एकेक अक्षर शोधत रीतसर अहवाल लिहिला : ‘समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. एकूण ग्रह २१४. अतिक्रमण नाही. हरकत नाही. लगतचे खातेदार निरंक. खेळ अत्युत्तम आहे. असाच रिकामा ठेवावा.’

खाली सही करायला गेले, तर नाव आधीच छापलेलं होतं : ‘खान्देशी वाघ’. कंपनीने प्रेमाने दिलेली पदवी असेल, असं समजून नानांनी अहवाल पाठवून दिला.

खान्देशी वाघ म्हणजे स्वप्नील. आणि त्या खेळावर तेव्हा अख्खं जग खवळलेलं होतं. कंपनीने युद्धं कबूल केली होती, कटकारस्थानं कबूल केली होती, बोलणारे परग्रहवासी कबूल केले होते. दिली काय, तर नुसती शांतता! खेळाडूंनी हलकल्लोळ केला. खान्देशातल्या हलकल्लोळाचा पुढारी स्वप्नील होता. ‘फसवलेले अवकाशवीर’ हा त्याचा गट, धुळ्यापासून रावेरपर्यंत चार हजार सभासद. नियम दोनच : खेळ उघडायचा नाही, आणि कोणी चांगलं म्हटलं तर सोडायचं नाही.

त्यांनी सोडलं नाही. शिंदखेड्याच्या एकाने लिहिलं, ‘वाघ फितूर झाला.’ पाचोऱ्याच्या एकाने शेपूट घातलेल्या वाघाचं चित्र काढलं. कचेरीत चहा देणाऱ्यानेही विचारलं, “भाऊ, निरंक म्हनजे काय हो?” स्वप्नील अर्ध्या दिवसाची रजा टाकून मोटारसायकलवर भडगावला आला.

“मामा, हे काय लिहिलं तुम्ही?”

“जे पाहिलं ते.”

“अहो, माझ्या नावावर!”

“मग बरं झालं की. चांगलं लिहिलंय.”

“चांगलं लिहिलं हीच तर बोंब आहे! चार हजार लोकांना मी सांगितलं, हा खेळ भिकार आहे, यात करण्यासारखं काही नाही. आणि माझ्याच नावाने तुम्ही...”

“करण्यासारखं काही नाही हे खरंच आहे,” नाना म्हणाले. “तू त्याला दोष का म्हणतोस, ते कळत नाही.”

स्वप्नीलने कपाळाला हात लावला. मग त्याला तोड सुचली. मामालाच मोबाइलसमोर बसवायचं, सगळ्या गटाला थेट दाखवायचं आणि वदवून घ्यायचं, की अहवाल माझा, भाच्याचा संबंध नाही. प्रमिलाबाईंनी नानांचे केस विंचरून दिले. नानांनी हजर असल्याचं आणि अहवाल आपलाच असल्याचं प्रतिज्ञेवर सांगितलं.

पहिली पाच मिनिटं गटाने नुसती टिंगल केली. मग कोणी तरी विचारलं, “आजोबा, तिथे करता काय पण?”

“काही नाही.”

“मग मजा कसली?”

“तीच.” नानांनी चष्मा सावरला. “अडतीस वर्षं मी जिथे मोजायला गेलो, तिथे भांडण माझ्या आधी येऊन बसलेलं असायचं. इथे मी पहिला पोचतो.”

टिंगल थांबली. तेवढ्यावर नानांनी उठायला हवं होतं. पण पत्त्याशिवाय अहवाल अपुरा, ही त्यांची जुनी शिस्त. त्यांनी वही उघडली आणि गट नंबर एकचा आकाशातला ठावठिकाणा, अकरा आकडे, सावकाश, दोनदा वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी नाना त्या ग्रहावर उतरले, तर बहिष्कार विसरून आलेली सहाशे यानं उभी.

सुरुवातीला सगळे पाया पडायला आल्यासारखे वागले. मग एकाने आठवण म्हणून खांब रोवला. दुसऱ्याने त्याच्या शेजारी. तिसऱ्याने दोघांच्या मध्ये. शिंदखेडेकर आणि पाचोरेकर यांची एका कोरड्या खड्ड्यावरून जुंपली. त्या खड्ड्यात पाणी नव्हतं, सोनं नव्हतं, कापूससुद्धा येणार नव्हता. पण दोघांना तोच हवा होता.

“नाना, तुम्हीच मोजून द्या,” दोघं म्हणाले.

नानांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण हात अडतीस वर्षांचे होते. त्यांनी मोजून दिलं. खड्डा बरोबर मधोमध दुभंगला, आणि ज्या ग्रहावर तोवर नुसते खांब होते, तिथे हद्द आली. हद्द आली तसे अर्ज आले. संध्याकाळपर्यंत एकशे नव्वद. मग हरकती आल्या. मग ‘नाना पाचोऱ्याच्या बाजूने झुकतात’ ही तक्रार आली. खऱ्या नोकरीत एवढं म्हणायला लोकांना निदान आठवडा लागत असे.

नाना दुसऱ्या ग्रहावर गेले. लोक मागोमाग आले. तिसऱ्यावर गेले. तिथे तर लोक आधीच येऊन बसलेले.

आठवड्याने स्वप्नीलचा फोन आला. आवाजात ढोलताशे. “मामा, बहिष्कार उठवला! काय खेळ झालाय! धुळ्याच्या टोळीने काल आमचे चाळीस खांब उपटले. आज आम्ही त्यांना सोडत नाही. सगळे म्हणतात, नानांनी खेळ वाचवला!”

नानांनी फोन ठेवला. मग ते कोणालाही न सांगता आठ दिवस एकाच दिशेला उडत राहिले आणि आकाशाच्या पार टोकाला एका राखाडी ग्रहावर उतरले. खांब रोवला नाही. वहीत लिहिलं नाही. नुसते खुर्चीत टेकून बघत बसले.

दारात काठी वाजली. उखर्डू आबा. नानांचे थोरले भाऊ. गावातच राहत, पण अकरा वर्षं बोलत नव्हते. वाटणीच्या वेळी सामाईक बांध नानांनी स्वतः मोजला आणि दीड हात जागा नानांचीच निघाली. मोजणी अचूक होती. पण हे कोणाला पटवणार?

प्रमिलाबाई लगबगीने चहा टाकायला धावल्या. नाना उठून उभे राहिले. “आबा... उना तू?”

आबा बसले. काठी गुडघ्यांमध्ये धरली. “ऐकं ते खरं शे का? तुले वर जागा भेटनी?”

“जागा नही रे आबा. खेळ शे तो.”

“खेळ व्हई. पन जागा शे ना?”

“शे.”

“बठ्ठी तुना नाववर? सगळी?”

“मी पह्यले गऊ तठे, एवढंच.”

आबांनी खिशातून पिवळा पडलेला कागद काढला. वाटणीपत्र. “मी काल वकीलकडथून वाची लिधं. यामा वावर शे, घर शे, बैल शेतस. वरनी जागा नही. म्हनजे तेवढी वाटणी बाकी शे. मना अर्धा हिस्सा.”

नानांनी भावाकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या राखाडी ग्रहाकडे पाहिलं. तिथे अजूनही कोणी नव्हतं. कपबशीचा आवाज झाला, प्रमिलाबाई दारातच थबकल्या.

“अर्धा कसाले?” नाना म्हणाले. “बठ्ठं तूच लई ले, आबा. हे बी ले. याले तर अजून नंबर बी नही.”

आबा उठले. त्यांनी पडद्याजवळ जाऊन ग्रह नीट निरखला. मग भावाला नीट निरखलं. मग वाटणीपत्राची घडी घालून ते परत खिशात ठेवलं.

“तू बठ्ठं देस,” ते म्हणाले, “म्हनजे त्यामा काहीतरी भानगड शे. पह्यले मोजणी व्हऊ दे.” दाराशी पोचून ते वळले. “अन् मोजणारा तू नको.”