चार ते सहा, इंगोल्यांचे

सर्व्हिसिंग होऊन परत आलेल्या घड्याळात भूपाल मगदूम यांचे दुपारचे चार ते सहा दुसऱ्याच कुणाचे तरी निघाले.

घड्याळ स्विस होतं. सांगलीत मार्केट यार्डासमोर उभा जन्म ट्रॅक्टरचे सुटे भाग विकल्यावर मगदूमांनी स्वतःसाठी केलेली ती एकुलती एक चैन. दुकानात ग्रीस लागू नये म्हणून ते घड्याळावर रुमाल गुंडाळून बसत आणि वेळ बघायची झाली की भिंतीवरचं घड्याळ बघत. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमधून ते परत आलं तेव्हा काच नव्यासारखी लखलखत होती. त्या सोमवारी चार वाजता मगदूम गल्ल्यावर बसून अभिनंदनला, म्हणजे थोरल्या मुलाला, बेअरिंगं चुकीच्या फळीवर ठेवल्याबद्दल बोलत होते. वाक्य अर्ध्यावर असताना ते अकोल्यात, जठारपेठेतल्या एका खोलीत, पलंगाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

पलंगावर एक म्हातारे गृहस्थ उशांना टेकून पडले होते. त्यांनी मगदूमांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू मन्या नाहीस."

"मी मगदूम. सांगलीचा."

"मंग मन्या कुठी गेला?"

मगदूमांनी विचार केला. "आमच्या दुकानात असेल."

"असंन," म्हातारे म्हणाले. "त्याचं बी घड्याळ परवाच दुरुस्त होऊन आलं. आता आलाच हायेस तर पाय चोयून दे. डावा चोय, उजव्यात सळई हाये."

मगदूमांनी आजवर कुणाचे पाय चोळले नव्हते. त्यांचे स्वतःचे वडील गेले तेव्हा ते लुधियानाला माल बघायला गेलेले होते. पण चार ते सहा त्या खोलीतून उठता येत नव्हतं, आणि म्हातारे काही गप्प बसणाऱ्यातले नव्हते. मगदूमांनी रागारागानं पाय चोळला. म्हातारे म्हणाले, राग बरा हाये, हाताले जोर येते.

सहाला ते सांगलीत परतले ते थेट जेवणाच्या पाटावर. मगदूमांचं घर जैनाचं, जेवणं सूर्यास्ताआधी. दिवाळी होऊन गेलेली, दिवस लहान झालेला. बाहेर सूर्य बुडाला होता आणि पुढ्यातलं ताट रिकामं होतं.

"गृहस्थ चांगला आहे," त्यांच्या पत्नी विमलताई म्हणाल्या. "डॉक्टर इंगोले म्हणून. डोळ्यांचे डॉक्टर आहेत. शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घेतली."

मगदूम उपाशीच राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं त्यांनी पुणं गाठलं. सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापक रेवती साठये यांनी त्यांना काचेच्या टेबलाशी बसवलं, पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की ह्या घड्याळाची दोन मॉडेलं आहेत, एक तारखेचं आणि एक बिनतारखेचं. मगदूमांचं तारखेचं, अकोल्याच्या डॉक्टर इंगोल्यांचं बिनतारखेचं. आतलं यंत्र दोन्हींचं तेच. दोन्ही घड्याळं एकाच टेबलावर उघडलेली होती, एक चाक इकडचं तिकडे गेलं. कंपनीला ते मान्य आहे.

"मला मान्य नाही," मगदूम म्हणाले. "माझे दोन तास तुम्ही परक्या माणसाच्या घड्याळात घालता, आणि मला विचारायचं नाही?"

"मगदूमसाहेब, खरं सांगायचं तर फायदा तुमचाच झालाय. तुमचं चाक चार ते सहाच्या जागी पार झिजलं होतं. त्यांचं जवळजवळ कोरं होतं. तक्रार त्यांनी करायला हवी."

"झिजलं म्हणजे काय?"

"एकाच जागी रोज घासलं की झिजतं. तुम्ही चार ते सहा काय करता?"

"मुलाशी बोलतो," मगदूम म्हणाले.

साठयेबाईंनी तो विषय तिथंच सोडला, त्याचाही मगदूमांना राग आला. मग बाईंनी एवढंच विचारलं, की तुमच्या दुकानात एका मॉडेलचा गिअर दुसऱ्या मॉडेलला बसवून देत नाही का? मगदूम रोज देत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणत, बसतोय ना? मग झालं. पण ट्रॅक्टर म्हणजे ट्रॅक्टर, असं ते आता टेबलावर हात आपटून म्हणाले. ट्रॅक्टरला घर नसतं. ट्रॅक्टरचं ताट दुसरं कुणी जेवून जात नाही.

बाईंनी नियम सांगितला. चाक परत बदलायचं तर दोन्ही घड्याळं एकदम टेबलावर हवीत. डॉक्टर इंगोल्यांना फोन केला होता, त्यांची काही तक्रार नाही, सवडीनं बघू म्हणाले. तोवर घड्याळ कपाटात ठेवून उपयोग नाही, चार वाजायचे ते वाजणारच. आणि काटे हातानं पुढं ढकलू नका. ढकलले तर दोन्ही घड्याळांचे एकदम ढकलावे लागतात, आणि जेवढा वेळ गाळाल तेवढा ज्याच्या त्याच्या आयुष्यातून वजा होतो. तो भरून देण्याची सोय कंपनीकडे नाही.

परतीच्या बसमध्ये कराडच्या अलीकडे चार वाजले. सहाला मगदूम आपल्या सीटवर परत आले तेव्हा मांडीवर भाजलेल्या शेंगांची अर्धी पुडी होती आणि शेजारचा प्रवासी म्हणाला, डॉक्टर उतरले का? फार छान बोलत होते हो. मगदूमांनी पुडी खिडकीतून फेकून दिली.

पुढचे तीन महिने असेच गेले. म्हातारे म्हणजे किसनराव इंगोले, एसटीच्या डेपोचे निवृत्त मॅनेजर. मगदूमांना वाटे आपण रागीट आहोत, पण किसनरावांपुढं ते अगदीच उमेदवार ठरले. किसनरावांना नव्या बसस्थानकाचं तोंड उलट्या दिशेला केल्याचा राग होता. लोणच्यात तेल कमी घालण्याचा राग होता. फुकट चहा पिऊन वर त्याला नावं ठेवणाऱ्यांचा राग होता. सगळ्यात जास्त राग मुलाचा होता.

"अर्ध्या अकोल्याचे डोये तपासते तो," ते म्हणत. "इथं येऊन बसते, रोज चार ते सहा. एक दिवस चुकवत नाही. पण बोलत नाही, बापा. मोबाइलात पाह्यते. मीही मंग भिंतीकडे पाह्यतो. दोन तास. शाळेत शिक्षा केल्यावानी."

चाक कोरं का होतं ते मगदूमांना तेव्हा कळलं. त्यांना आपल्या चाकाची आठवण झाली आणि त्यांनी विषय बदलला. घड्याळ कंपनीचं त्यांनी सांगितलं तेव्हा किसनराव उठून बसायला बघू लागले, इतके ते चिडले. माणसाले न विचारता त्याचा वेळ काढते म्हणजे काय, आमच्या डेपोत असं कोणी एका गाडीचं टायर दुसरीले लावलं असतं तर घरी बसवला असता. मगदूमांचं म्हणणं इतक्या मनापासून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दोघं मिळून पाच वाजेपर्यंत कंपनीवर चिडले, मग चहा प्याले, मग सरकारवर चिडले.

पहिल्याच आठवड्यात किसनरावांनी सुनेला हाक मारून सांगितलं होतं, "या माणसाले दिवस बुडायच्या आंधी जेवू घालत जा. त्याचं ताट मन्या खाऊन राह्यला तिकडं." तेव्हापासून साडेपाचला मगदूमांचं पान अकोल्यात पडे, बिनकांद्याचं.

सांगलीच्या बातम्या मात्र सहानंतर कळत, आणि त्या मगदूमांना सोसत नसत. अभिनंदनला दुकान बंद करून द्राक्षाची रोपवाटिका काढायची होती. हे तो दोन वर्षं सांगत होता आणि चार ते सहामध्ये मगदूम ते उडवून लावत होते. आता इंगोल्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं होतं. मग ते अभिनंदनबरोबर तासगाव रस्त्याची जागा बघून आले. मग माती तपासायला दिली. डोळ्यांच्या एका परक्या डॉक्टरनं आपल्या पोराची जमीन आपल्या आधी बघावी ह्याचा मगदूमांना इतका संताप आला, की ते स्वतः ती जागा बघायला कधीच गेले नाहीत.

फेब्रुवारीत एका गुरुवारी चारला मगदूम अकोल्यात पोचले तेव्हा किसनराव चिडलेले नव्हते. हे लक्षण त्यांना बरं वाटलं नाही. म्हाताऱ्यांचा श्वास वर लागला होता. सून ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला माणूस पाठवून दारात उभी होती. मगदूमांनी इंगोल्यांना फोन लावला. तीन महिन्यांत ते दोघं एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होते.

इंगोल्यांनी डॉक्टरासारखे नीट प्रश्न विचारले. ओठ कसे दिसतात, नखं कशी दिसतात. मग म्हणाले, "मी सहाला पोचतो."

"सहाला नाही चालायचं," मगदूम म्हणाले.

"मगदूमसाहेब, माझे सहा सहालाच वाजतात."

किसनरावांनी डोळे उघडले. "मन्या हाये का फोनवर? त्याले सांग, मी काही रागावलो नाही."

हे ऐकून मगदूमांचं डोकंच फिरलं. तीन महिने हा माणूस आपल्याजवळ मुलावर रागावला होता, ते सगळं आपण ऐकून घेतलं, आणि आता रागावलो नाही हेही आपणच ऐकायचं? हे आपलं नव्हे. हे ज्याचं त्यानं ऐकावं. एका नखाएवढ्या चाकापायी हे इथं येऊन पडलंय.

"काटे फिरवा," ते फोनमध्ये म्हणाले. "सहा करा. मी इकडे करतो."

"तेवढा वेळ तुमचाही जाईल."

"माझा वेळ काय करायचा ते मी बघतो. चावी ओढा डॉक्टर."

दोघांनी चावी ओढली. तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. मगदूमांनी काटे सहावर आणून चावी आत दाबली आणि ते तासगाव रस्त्याला एका उघड्या जमिनीत उभे राहिले. हातात बांबूची काठी होती, तिला सुतळी बांधलेली होती. सुतळीचं दुसरं टोक धरून अभिनंदन लांब उभा होता. दोघं ओळी आखत होते.

"अण्णा," अभिनंदन म्हणाला, "आज लवकर आलात."

मगदूमांनी तोंड उघडलं. त्यांना माती दिसली, कलम करायच्या खुंटाची रोपं दिसली, एक ओळ तिरकी गेलेली दिसली. ती तिरकी आहे हे सांगण्याआधी त्यांनी काठी जमिनीत रोवली. ते म्हणाले, "पाणी आहे का?"

अभिनंदननं पाणी दिलं. मग बापलेक बांधावर बसले आणि मगदूमांनी त्याला अकोल्याच्या एका म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. सूर्य बुडेपर्यंत सांगत राहिले, जेवायला घरी गेलेच नाहीत.

किसनराव दिवेलागणीच्या सुमारास गेले. मुलगा जवळ होता.

त्यानंतरही चार वाजले की मगदूम अकोल्यातच जात, कारण चाक अजून इंगोल्यांचंच होतं. फक्त घड्याळ आता पुढं होतं, त्यामुळं त्यांचे चार इतरांचे तीन वाजायच्या आतच येत. ते रिकाम्या पलंगाशेजारी बसत, भेटायला आलेल्यांना नमस्कार करत, आणि चहात साखर जास्त झाली की मनातल्या मनात चिडत. मोठ्यानं चिडायला जोडीदार उरला नव्हता.

तेरवी झाल्यावर सर्व्हिस सेंटरचा फोन आला. डॉक्टर इंगोले घड्याळ घेऊन येतायत, तुम्हीही या. दोघं काचेच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसले. इंगोले उंच, मवाळ, डोक्यावरचे केस नुकतेच उगवायला लागलेले. साठयेबाईंनी दोन्ही घड्याळं उलटी करून तपासली आणि काटे हातानं फिरवल्यामुळं दोन्हींची वॉरंटी संपल्याचं सांगितलं. मगदूम त्यावर जे बोलले ते आतल्या कारागिरांनाही ऐकू गेलं. बाईंनी ते पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, चाक मात्र बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

"थांबा," मगदूम म्हणाले. "ह्यांच्या वडिलांचे तीन महिने माझ्याकडे आहेत. रोजचे दोन तास. ते ह्यांच्या हवाली केल्याशिवाय तुम्ही चाक कसं काढता?"

बाई म्हणाल्या की कंपनी फक्त चाक परत करते.

"मग कंपनीनं बाहेर बसावं."

इंगोले इतका वेळ टेबलाकडे बघत होते. आता ते हळूच म्हणाले, "माझ्याकडेही अभिनंदनचं बरंच आहे. आणि बाबांचा शेवटचा एक तास आहे, तो तुम्हाला ठाऊक नाही."

"तेच म्हणतोय मी," मगदूमांचा आवाज पुन्हा चढला. "सगळं ऐकलं मी त्यांचं. पायाची सळई, डेपो, लोणचं. आणि शेवटचं तेवढं मला नाही? हा कुठला न्याय?"

"सांगतो. आधी तुमचं होऊ दे."

"क्रमानं घेऊ," मगदूम म्हणाले. "सोमवार होता. मी आलो तर म्हणाले, तू मन्या नाहीस."

इंगोल्यांनी खिशातून मोबाइल काढला, बंद केला आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवला. साठयेबाईंनी कारागिराला स्क्रूड्रायव्हर ठेवून द्यायला सांगितलं आणि दोन चहा मागवले.

मगदूम तिसऱ्या दिवसापर्यंत आले होते तेव्हा दोघांच्या घड्याळात चार वाजले. भिंतीवर अजून तीन वाजायचे होते. त्यासरशी मगदूम इंगोल्यांच्या खुर्चीवर गेले आणि इंगोले मगदूमांच्या. चहाचे कप अदलाबदल झाले. मगदूमांनी एक घोट घेतला, साखर जास्त होती, आणि ते पुढं सांगू लागले.