हॅस्केटांचा जावई आणि शिशाची गोळी

वेंडेल प्रुइटच्या जेवणाच्या टेबलावर त्या दुपारी ताटांऐवजी गोळ्या मांडल्या होत्या. शिशाच्या, निमुळत्या, बुडाशी चरबी माखलेल्या. काही बुटक्या, काही करंगळीएवढ्या लांब, काहींच्या टोकाला खळगा. वेंडेल एकेक उचलून डोळ्यांपुढे धरत होता आणि पुन्हा जागेवर ठेवत होता.

"जेवायचं कुठे?" लोर्नाने विचारलं.

"उभ्याने जेव ना आजचा दिवस. उद्या हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतोय."

लोर्नाने उसासा टाकला. तिच्या माहेरी, हॅस्केटांच्या घरात, शिकार न येणारा माणूस आजवर जन्मला नव्हता. बाहेरून आला तो एकटा वेंडेल. मूळचा बॉइसी शहरात गालिचे विकणारा. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात तो डोंगरावर जायचा आणि सर्दी घेऊन परत यायचा. घरातल्या फ्रीजरमध्ये मांस असायचं ते मेहुण्याने, म्हणजे रॉइसने मारलेल्या हरणाचं. ते वाढताना रॉइस हमखास म्हणायचा, "घ्या दाजी, लाजू नका."

यंदा मात्र आक्रीत घडलं होतं. सासऱ्यांची, ऑरिन हॅस्केटांची नजर गेली, आणि त्यांनी आपली ठासणीची बंदूक पोटच्या पोराला न देता जावयाच्या हातात ठेवली होती. का, ते कोणालाच कळलं नव्हतं. वेंडेलला तर मुळीच नाही. त्याची झोप मात्र तेव्हापासून उडाली होती.

तेवढ्यात रॉइस आलाच. टेबलाकडे बघून हसला आणि खिशातून एक गोळी काढून मधोमध ठेवली. चांगली जाडजूड.

"ही घ्या. घरी ओतलीये. हरणातून जाईल आणि मागच्या झाडातूनही जाईल."

"आधी नळीत बसते का बघतो," वेंडेल म्हणाला. त्याने पुस्तकात वाचलं होतं, गोळी अंगठ्याने दाबल्यावर थोडी अडावी आणि ठासायच्या गजाने सरकावी. पहिली गोळी सुळकन खाली गेली आणि बंदूक उलटी करताच तशीच बाहेर पडली. दुसरी बरी वाटली. रॉइसची गोळी तोंडाशीच हटून बसली.

"जात नाही रे."

"दाजी, गालिच्यावरून हात फिरवल्यासारखं काय करताय? दाबा की जोर लावून!"

वेंडेलने गज घेतला आणि दात-ओठ खाऊन दाबला. गोळी अर्ध्या नळीपर्यंत गेली आणि थांबली. मग वर येईना, खाली जाईना. मागे दारू भरलेली नव्हती, म्हणजे बार उडवून काढायचीही सोय नाही.

"स्क्रू लावून ओढा," रॉइस म्हणाला.

गजाला स्क्रू लावला, फिरवला, ओढला. स्क्रू नुसताच निसटून आला.

"शिसं मऊ असतं ना? मग हा रुतत का नाही?"

रॉइसने मान खाजवली. "आता अगदी शिसंच असं नाही. टायरवाल्याकडे चाकांना लावायची जुनी वजनं पडली होती..."

वेंडेल खुर्चीत बसला. सासऱ्यांच्या आयुष्यभराच्या बंदुकीत त्याने टायरवाल्याचा कचरा ठोकून बसवला होता.

शेवटी रॉइसने ट्रॅक्टरचा ग्रीसचा पंप आणला. बार पेटवणारी टोपी जिच्यावर बसते ती मागची नळकांडी काढून तिथे पंप जोडला, बंदुकीचं तोंड सिंककडे धरलं आणि दाबायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग गोळी टपकन भांड्यांच्या पाण्यात पडली, आणि तिच्यामागून सोऱ्यातून चकली पडावी तसं काळं ग्रीस वेटोळं घालत लोर्नाच्या कपबशांवर उतरलं.

लोर्नाने कोट चढवला आणि वडिलांना आणायला गेली.

ऑरिन आले तेव्हा दोघं गरम पाण्याने नळी धूत होते. म्हाताऱ्याने वास घेतला, सगळं ओळखलं. टेबलापाशी बसून त्यांनी गोळ्या बोटांनी चाचपल्या, नखाने ओरखडल्या, तळहातावर तोलल्या. एक निवडून वेंडेलच्या हातात दिली.

"ही, जावईबापू. अंगाशी ठेव. थंडीने चरबी घट्ट होते."

वेंडेलने ती आतल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं.

पहाटे ऑरिन ट्रकमध्ये पायथ्याशी थांबले. रॉइस डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर गेला. वेंडेल बर्फातून वर चढला, एका देवदाराखाली बसला आणि बंदूक भरू लागला. दारू ओतली. तिच्यावर लोकरीची चकती टाकली. मग श्वास रोखून गज घातला. गज कुठेही न अडता सरळ खाली गेला. कालच्या त्या प्रकारानंतर हे सुख इतकं मोठं होतं की वेंडेलचे डोळे पाणावले. त्याने टोपी बसवली आणि वाट बघू लागला.

हरीण आलं. झाडासारखी शिंगं, रुंद छाती, दगड मारला तरी लागेल इतक्या जवळ. वेंडेलने नेम धरला आणि चाप ओढला. पांढरा धूर पसरला. धूर विरला तेव्हा हरीण तिथेच उभं होतं आणि त्याच्याकडे बघत होतं. मग ते सावकाश झाडीत निघून गेलं.

वेंडेलने छातीवर हात ठेवला. हाताला खिशातलं काहीतरी टोचलं.

त्याने बटण उघडायची हिंमत केली नाही. बर्फात तसाच बसून राहिला. हे गाव सोडावं, बॉइसीलाही जाऊ नये, जिथे हरणं नाहीत अशा देशात गालिचे विकावेत, असं त्याला मनापासून वाटलं.

खाली आला तेव्हा रॉइस आधीच पोचला होता. "माग बघून आलो. रक्ताचा थेंब नाही. चालत गेलंय, पळालंसुद्धा नाही! कोणती गोळी मारलीत दाजी?"

वेंडेल उत्तर देणार, तोच ऑरिन बोलले, "माझी मारली त्याने. आवाजच बसका आला होता. हलकी पडली." त्यांनी आपली बोटं एकमेकांवर घासली. "डोळे गेले ते ठीक. आता हीसुद्धा गेली म्हणायची."

  आता गप्प राहिलं तर वेंडेल सुटत होता. बापाची चूक पोरगा गावात सांगणार नव्हता. वेंडेलने म्हाताऱ्याच्या त्या बोटांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत खिशाचं बटण काढलं.

"मामा, हात पुढे करा."

ऑरिननी तळहातावरची गोळी चाचपली. नखाने ओरखडली. पुन्हा चाचपली.

"नळीत घातलीच नाहीस?"

"नाही."

रॉइस ट्रकच्या चाकापाशी खाली बसला आणि पोट धरून हसू लागला. दुपारच्या आत गावातल्या शेवटच्या घरापर्यंत ही गोष्ट पोचणार, हे वेंडेलला त्या हसण्यावरूनच कळलं. पण ऑरिन हसत नव्हते. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू हरीण ट्रकमध्ये येऊन पडलंय.

"म्हणजे," ते म्हणाले, "गोळी बरोबर होती!"